अर्थिंग

शिक्षकांच्या गाडीत काय असावं आणि काय नसावं, याबद्दल शासन निर्णय अजून निघालेला नाही. उद्या निघालाच, तर त्यात बारा इंची वूफर आणि सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर या वस्तू बसणार नाहीत, एवढं नक्की. आमच्या गाडीत त्या दोन्ही आहेत. आम्ही चौघं, म्हणजे विज्ञानाचे सर, गणिताचे सर, मराठीचे सर आणि उर्दूच्या आपा, राहायला मिरजेत आणि नोकरीला कवठेमहांकाळच्या बाजूच्या एका उर्दू हायस्कूलमध्ये. एसटीची वेळ आणि शाळेची घंटा यांचं कधी जमलं नाही, म्हणून चौघांनी वर्गणी काढून एक जुनी चारचाकी घेतली. आधीचा मालक हौशी तरुण. मित्रांच्या वरातीत डिकी उघडून गाणी वाजवायचा. गाडी देताना म्हणाला, "सर, हे सगळं काढलं तर नुसती भोकं दिसतील." भोकांपेक्षा वूफर बरा, असं आम्ही बहुमतानं ठरवलं. आपांचं मत विरोधात होतं.

पुढं त्या अ‍ॅम्प्लिफायरला आम्ही वेगळंच काम दिलं.

उर्दू शाळेत शिकवणाऱ्याचं वर्ष घंटेनं सुरू होत नाही. त्याआधी मोहल्ल्या-मोहल्ल्यात, वाडी-वस्तीवर जाऊन मुलं मागावी लागतात. मराठी शाळांतल्या आमच्या मित्रांवरही आता तीच वेळ आली आहे, त्यामुळे या बाबतीत तरी आम्ही मुख्य प्रवाहात आहोत. तीस सप्टेंबरला पटावर जेवढी मुलं, त्यावर संचमान्यता. संचमान्यतेवर पदं. पट घसरला की कुणीतरी 'अतिरिक्त' ठरतो. हा शब्द कागदावर साधा दिसतो. ज्याला लागू होतो त्याला तो लागतो. पण पदांपेक्षाही मोठी गोष्ट मुलींची. आसपासच्या कित्येक गावांत उर्दू शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते. पुढची शाळा आठ-दहा किलोमीटरवर असली की मुलगी घरी बसते. कुणी तिला मुद्दाम बसवत नाही. आज नको, उद्या बघू, असं करत करत ती बसते आणि मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

म्हणून आम्ही नववीतल्या एका मुलीच्या आवाजात मोबाइलवर निवेदन भरून घेतलं. आधी घरच्या दखनीत: "अम्मी, अब्बा, आठवी के दाखले शुरू हैं. मेरेकू पढना है." मग तेच स्वच्छ मराठीत, कारण गावात सगळ्यांनाच ऐकू जायला हवं. डिकी उघडायची, मोबाइलची वायर डेकला लावायची आणि गाडी गल्लीतून सावकाश न्यायची. वरातीतला वूफर असा शिक्षण खात्यात रुजू झाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रभर पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी, एका गावच्या मशिदीमागच्या गल्लीत ती मुलगी "मेरेकू" एवढंच म्हणाली आणि आवाज बंद पडला.

गाडी चालू, डेक चालू, मोबाइलवर निवेदन पुढं सरकतंय आणि डिकीत शांतता. दारात आलेल्या बाया पदर सावरून आत गेल्या. पोरं मात्र जमली, आणि पोरांमागून सल्ले देणारे. एक म्हणाला, बॅटरी बसली. दुसरा म्हणाला, गरम झालाय, पाणी मारा. तिसऱ्यानं सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी काढून दिली, "फ्यूजमध्ये गुंडाळा, चालू होतंय." विज्ञानाचे सर सहसा आवाज चढवत नाहीत. त्या वेळी चढवला. फ्यूज हा वायरचा राखणदार. वायरला झेपेल त्याहून जास्त करंट आला तर त्यानं आधी मरायचं, म्हणजे वायर पेटत नाही. तिथं चंदेरी किंवा जाड तार घातली की राखणदार उरत नाही आणि गादीखालची वायरच निखारा होते. हे सगळं त्यांनी त्या गल्लीत उभ्या उभ्या समजावलं. शिक्षकाला फळा लागतोच असं नाही.

तालुक्यातल्या एका दुकानदारानं गादी उचलून पाहिलं, झाकण न उघडता सांगितलं, "जळालाय. नवीन टाका, सात हजार." सात हजार म्हणजे चौघांच्या महिन्याच्या पेट्रोलपेक्षा जास्त. आम्ही गाडी तशीच मिरजेला आणली.

मिरजेत आवाज हे पोटापाण्याचं साधन आहे, आणि तेही कैक पिढ्यांपासून. इथली सतारमेकर घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम सरत गेलं तशी त्यांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतलं. उस्ताद अब्दुल करीम खाँ इथंच राहिले, 1937 साली गेले आणि ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसाला तिथं आजही गवई येऊन हजेरी लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकराला जवारी काढताना कधी बघावं. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. बिघाड डोळ्यांना दिसत नाही, तो कानानं शोधावा लागतो.

आम्ही गेलो ते मात्र सतारमेकराकडे नाही, तर बसस्टँडच्या बाजूला पत्र्याचं शेड टाकून गाड्यांची वायरिंग करणाऱ्या आमच्या जुन्या विद्यार्थ्याकडे. दहावीला आमच्या शाळेतून चौसष्ट टक्के मिळवून बाहेर पडला होता. आपांना बघून त्यानं आधी हात पुसले. "सर, तुमे बैठो. आपा, अंदर पंखा है." चहा सांगितला आणि मगच विचारलं, "क्या हुआ?"

आम्ही चौघांनी चार हकिकती सांगितल्या. त्यानं सगळ्या ऐकून एकच प्रश्न विचारला, "लाइट कौनसी थी? हरी, लाल, के बिल्कुल नै?"

कुणीच पाहिली नव्हती. पण आता लक्ष दिलं तर अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेला तांदळाएवढा दिवा होता. त्यानं समजावलं. हिरवा दिवा म्हणजे अ‍ॅम्प जागा आहे. आवाज नसेल तर मागून येणारी सिग्नलची वायर किंवा पुढं जाणारी स्पीकरची वायर बघायची. लाल म्हणजे त्यानं स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवलं आहे; स्पीकरची वायर बॉडीला घासली असेल, फार तापला असेल किंवा आतलं काही गेलं असेल. आणि दिवाच नाही, तर त्याला खायला मिळत नाही. आमचा दिवा लागत नव्हता.

"मग जळालाय म्हणतात ते?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"जला होता तो फ्यूज उडता, सर. अंदर शॉर्ट हो तो नया फ्यूज भी लगाते ही उडता. चलो, देखेंगे."

अ‍ॅम्प्लिफायरला जगायला तीन वायरी लागतात. बॅटरीकडून येणारी जाड लाल. गाडीच्या बॉडीला जाणारी जाड काळी. आणि डेककडून येणारी बारीक निळी, जी सांगते की डेक चालू झाला, आता तूही ऊठ. तो याच क्रमानं गेला. बॉनेट उघडून बॅटरीजवळचा मोठा फ्यूज काढला, उजेडात धरला नाही, मीटरवर तपासला. "आँख धोका खाती है, सर." बारीक चीर कधी कधी दिसत नाही म्हणे. मोठा फ्यूज शाबूत. अ‍ॅम्पच्या कडेचे दोन्ही फ्यूज शाबूत. डेक चालू केला, निळ्या वायरीवर बारा व्होल्ट आले. म्हणजे उठण्याचा हुकूमही पोचत होता. मग डेक बंद करून त्यानं मीटरची एक सुई लाल वायरीच्या टोकाला आणि दुसरी काळीच्या टोकाला लावली. साडेबारा. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीचं असतं तेवढंच.

विज्ञानाचे सर म्हणाले, "पुरवठा तर पूर्ण आहे. म्हणजे दोष आतच." पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होतं.

तो हसला नाही. शेडमध्ये जाऊन हेडलाइटचा एक जुना बल्ब घेऊन आला. त्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या. तो बल्ब त्यानं त्याच दोन टोकांना लावला. बल्ब पेटला, पण कसा? चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्यासारखा, लालसर. बल्ब तसाच ठेवून पुन्हा मीटर लावलं. साडेआठ.

"अब बॅटरी पे देखो." तिथं बारा पूर्णांक तीन. मग मीटरची एक सुई अ‍ॅम्पच्या काळ्या टोकावर आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथं खरं तर जवळजवळ शून्य यायला हवं. आले जवळपास चार. उरलेले चार व्होल्ट तिथं, काळ्या वायरीच्या वाटेवर, कुणीतरी खात होतं.

मग त्यानं जे सांगितलं ते आम्ही चौघांनी घरी जाऊन वेगवेगळं लिहून ठेवलं, हे पुढं एकमेकांना कळलं. तो म्हणाला, "सर, मीटर झूट नै बोलता. पर मीटर कुछ माँगता भी नै. माँगा तब मालूम होता जोड कैसा है."

विज्ञानाच्या सरांनी खिशातली पेन काढून त्याच्याच बिलबुकावर गणित मांडलं. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. करंट नाही तर वाटेतल्या खराब जोडावर व्होल्ट खर्चही होत नाहीत, म्हणून पलीकडे पूर्ण साडेबारा दिसतात. जोडाला एक ओहम रोध धरा. बल्बनं चारेक अँपिअर मागितले की चार एके चार, चार व्होल्ट जोडातच संपले. अ‍ॅम्पनंही जोरात वाजताना मागायला सुरुवात केली की त्याचं तेच होतं. व्होल्टेज पडतं, तो बंद होतो. ओहमचा नियम आम्ही नववीला शिकवतो. आमच्या या विद्यार्थ्यालाही आमच्याच शाळेत शिकवला होता.

काळी वायर गादीखालून, मॅटिंगखालून मागच्या चाकाच्या वर गेली होती. मॅटिंग उचललं तर खाली ओल. दाराच्या रबरातून पावसाचं पाणी येत होतं. ज्यानं कुणी पहिल्यांदा हे बसवलं होतं, त्यानं गाडीचा रंग न खरवडता त्यावरच एक स्क्रू ठोकून वायर अडकवली होती. रंगातून करंट जात नाही. इतके दिवस स्क्रूचे आटे जेवढे पत्र्याला चिकटले होते तेवढ्यावर चाललं होतं. आता आट्यांना गंज चढला होता. त्यानं स्क्रू काढला तर हातात तांबूस भुकटी आली.

पॉलिश पेपर घेऊन त्यानं पत्रा घासला. आधी रंग गेला, मग खालचा करडा थर, मग चांदीसारखा पत्रा दिसला. वायरीचं टोक कापून नवी थिंबल दाबली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावलं. "अर्थ पक्का किया, सर. अब बोलो."

डेक चालू केला. तांदळाएवढा दिवा हिरवा झाला. निवेदन पहिल्यापासून लागलं आणि बसस्टँडच्या बाजूला उभे असलेले रिक्षावाले वळून बघू लागले: "मेरेकू पढना है." पूर्ण.

चहा झाल्यावर विज्ञानाच्या सरांनी एक गोष्ट काढली. गाडीच्या या 'अर्थ'चा खऱ्या जमिनीशी काही संबंध नसतो. टायर रबराचे. घरातल्या वायरिंगमध्ये अर्थ हा जिवाचं रक्षण करणारा वेगळा तार असतो. गाडीत मात्र करंट परत जायचा रस्ताच तो. गाडीची सगळी बॉडी हीच तिची जमीन. जिथं बोल्ट पक्का कसला तिथं तिचं घर.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "सर, ये आपने वो टाइम भी बताए थे. उर्दू में. बर्की रौ. मुजाहमत. मेरेकू सब आता था." दहावीला विज्ञानात त्याला चांगले गुण होते. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड मिळाला. पहिल्या दिवशी निदेशकांनी मराठीत विचारलं, रोध म्हणजे काय? वर्गातली पोरं बोलली. पुस्तकात इंग्रजी नावं. याला तिन्हीतलं एक येत होतं आणि ते तिथं कुणी विचारत नव्हतं. "मैं चुप बैठा. सर को लगा इसको कुछ नै आता." पुढं वडिलांचं आजारपण आलं, दुकानावर बसावं लागलं आणि आयटीआय सुटलं. सुटण्याचं कारण घरचं होतं, भाषा नव्हती, हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. पण ते वर्ष तो गप्प होता, हेही सांगितलं. रोध आणि मुजाहमत एकच, हे त्याला वायर हाताला चटका देऊन गेली तेव्हा कळलं.

चौसष्ट टक्के हे मीटरचं माप होतं. भार पडला तो नंतर.

पैसे विचारले तर त्यानं तीनशे रुपये सांगितले. आम्हाला ते आवडलं. फुकट केलं असतं तर आम्ही पाहुणे झालो असतो. आपांनी विचारलं, "बेटी कितने साल की हुई?" पाच. कुठल्या शाळेत? तो बोल्टांचा डबा नीट लावू लागला. "आपा, बुरा मत मानो. इंग्लिश मिडियम में डाला. मेरे जैसा जोड पे नै अटकना वो."

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. पट मागायला निघालेल्या माणसांना त्यांच्याच विद्यार्थ्यानं दिलेलं हे उत्तर होतं. आणि आमच्यातल्या दोघांची मुलं कुठल्या माध्यमात आहेत, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ते विचारलं नाही, ही त्याची तहजीब.

मग आपा बोलल्या. त्या म्हणाल्या, त्याचं दुखणं खरं आहे, औषध मात्र तेच एक आहे असं नाही. जोड खराब असेल तर जोड घासायचा असतो, वायरच काढून टाकायची नसते. आणि मुजाहमत या शब्दात विजेचा रोधही आहे आणि जुलमापुढं न वाकणंही आहे. हा शब्द ज्या मुलाकडे आहे तो गरीब कसा? गणिताचे सर म्हणाले, आपा, शब्दानं नोकरी लागत नाही. आपा म्हणाल्या, नोकरीच्या शब्दाला हा शब्द जोडून द्या, मग लागते का नाही बघा. मिरज-कवठेमहांकाळ रस्त्यावर हा वाद पुढं आठवडाभर चालला आणि अजून मिटलेला नाही.

महाराष्ट्रातल्या मुसलमानांची मातृभाषा कोणती, या प्रश्नावर मुस्लिम मराठी साहित्य संमेलनांत 1990च्या सोलापूरपासून बोललं गेलं आहे. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि अर्जावर इंग्रजी. आमच्या मुलांना चारही येतात, पण एकीतून दुसरीत जाण्याच्या जागी रंगाचा थर तसाच राहिलेला असतो. वरून बघणाऱ्याला स्क्रू कसलेला दिसतो. भार पडला की मूल गप्प होतं आणि बघणारा म्हणतो, जळालंय, बदला.

या वर्षी दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ विज्ञानाचे आणि मराठीचे सर मिळून शिकवतात. बालभारतीची मराठी आणि उर्दू अशी दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी उघडून ठेवायची. चित्रं तीच, आकृत्या त्याच. एक पुस्तक डावीकडून उघडतं, एक उजवीकडून. फळ्यावर उर्दू, मराठी, इंग्रजी असे तीन रकाने. बर्की रौ, विद्युतधारा, करंट. मुजाहमत, रोध, रेझिस्टन्स. मुलांनी तिन्ही मोठ्यानं म्हणायची आणि मग हेडलाइटचा बल्ब लावून गंजलेल्या स्क्रूची गोष्ट ज्याला जमेल त्यानं मराठीत सांगायची. पहिल्या दिवशी दोन हात वर आले. परवा नऊ आले.

भूसंपर्कनाच्या तारेपाशी आलो तेव्हा मराठीच्या रकान्यात सरांनी कंसात 'अर्थ' असंही लिहिलं, कारण बाजारात तसंच म्हणतात. निवेदनात जिचा आवाज होता ती मुलगी आता दहावीत आहे. ती उठून म्हणाली, "सर, मराठीत अर्थ म्हणजे मतलब ना?"

मराठीचे सर म्हणाले, हो, मतलब. विज्ञानाचे सर म्हणाले, जमीन.

तिनं वहीत दोन्ही लिहून घेतलं.